मुखवटा एक, दावेदार दोन

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथे २०१८ च्या नोव्हेंबरात युनेस्कोच्या एका आंतरसरकारी समितीची बैठक भरली होती. नृत्य, नाट्य, विधी, हस्तकौशल्ये अशा ज्या गोष्टींना दगडमातीचे रूप नसते, त्यांची वारसा म्हणून नोंद करण्याचे काम २००३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये या समितीकडे आलेले आहे. त्या बैठकीत थायलंडचे ‘खोन’ हे मुखवट्यांचे नृत्यनाट्य मानवजातीच्या प्रातिनिधिक यादीत दाखल झाले. कंबोडियातील स्वाय अंदेत येथील बौद्ध विहाराच्या आश्रयाने टिकलेले ‘ल्खोन खोल’ हेही मुखवट्यांचेच नृत्यनाट्य. ते तातडीने जतन करावयाच्या कलांच्या यादीत दाखल झाले. दोहोंचे कथानक रामायणाचे. दोहोंत राक्षस आणि वानर मुखवटे चढवून नाचतात, त्यांच्या तोंडचे शब्द निवेदक गाऊन वा बोलून दाखवितात, आणि वाद्यमेळही एकाच धाटणीचा असतो. तरीही शेजारी राष्ट्रांनी दोन वेगळे अर्ज केले आणि समितीने ते वेगवेगळ्या यादीत मान्य केले. त्यापूर्वी दोन्ही देशांतील तरुण मंडळी समाजमाध्यमांवर एकमेकांना ‘चोर’ ठरविण्यात गुंतलेली होती. खरे नृत्य कोणाचे आणि नक्कल कोणाची, हा त्या भांडणाचा विषय होता.

वस्तुतः युनेस्कोच्या यादीतील नोंद म्हणजे मालकीहक्काचा दाखला नव्हे. एखादी कला एका देशाच्या नावे नोंदली गेली म्हणून ती दुसऱ्या देशाची राहत नाही, असे कोणत्याही कलमात म्हटलेले नाही. परंतु अर्ज करण्याचा अधिकार राष्ट्रांना असतो आणि यादीत कलेपुढे राष्ट्राचेच नाव छापले जाते. साहजिकच लोकांच्या मनात त्या नोंदीला सातबाऱ्याच्या उताऱ्याचे रूप येते.

विशेष म्हणजे त्याच बैठकीत एक वेगळाही प्रकार घडला. उत्तर आणि दक्षिण कोरियाने आपल्या पारंपरिक कुस्तीसाठी आरंभी स्वतंत्र अर्ज केले होते. पुढे त्या दोघांनी ते एकत्र केले आणि ती कुस्ती दोन्ही राष्ट्रांच्या नावे संयुक्तपणे नोंदली गेली. १९५३ पासून ज्यांच्यात केवळ युद्धविराम आहे, शांततेचा तह झालेला नाही, अशा दोन राष्ट्रांना जे साधले ते थायलंड आणि कंबोडिया यांना साधू नये, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. हे नृत्य कोणाचे, या प्रश्नामागे एक गृहीत दडलेले आहे. शेजाऱ्याकडे ते आहे म्हणजे आपल्याकडचे तेवढे कमी झाले, असे ते गृहीत. या प्रदेशाचा सहा शतकांचा इतिहास नेमके याच्या उलट सांगतो.

शब्दांची साक्ष

दोन घराण्यांचे नाते तपासताना दफ्तरापेक्षा घरातील बोली अधिक प्रामाणिक साक्ष देते. थाई रामकथेचे नाव ‘रामकियेन’, तर कंबोडियाच्या ख्मेर भाषेतील रामकथेचे ‘रीआमकेर’. दोन्ही नावे ‘रामकीर्ती’ या एकाच संस्कृत शब्दाची रूपे आहेत. नाट्याला थाई भाषेत ‘लखोन’ म्हणतात, ख्मेरमध्ये ‘ल्खोन’. समूहनृत्याला इकडे ‘रबाम’, तिकडे ‘रोबाम’. वाद्यमेळाचे थाई नाव ‘पिफात’ आणि ख्मेर नाव ‘पिनपेआत’. आपल्याकडील काष्ठतरंगाच्या जातीचे, लाकडी पट्ट्यांचे जे प्रमुख वाद्य त्यात वाजते, त्याला थाई वादक ‘रनात’ म्हणतो आणि ख्मेर वादक ‘रोनेअत’.

शिक्षणाची पद्धतही तशीच आहे. बँकॉकमध्ये नृत्यशाळेत आलेल्या मुलाची अंगकाठी पाहून त्याला चारांपैकी एका भूमिकेच्या वर्गात घालतात: राजपुरुष, स्त्री, राक्षस किंवा वानर. कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हमध्येही हीच चार भूमिकांची विभागणी आहे. राक्षसाला थाई भाषेत ‘याक’ आणि ख्मेर भाषेत ‘येअक’ म्हणतात. मूळ शब्द ‘यक्ष’. बोटे मागे वळविण्याचा सराव लहानपणापासून दोन्हीकडे घेतला जातो, आणि प्रयोगापूर्वी जरीचा पोशाख नर्तकाच्या अंगावरच शिवून बसविण्याची रीतही दोन्हीकडे आहे.

गुरुवंदनेचा विधी तर या साऱ्याचा मुकुटमणी म्हणावा लागेल. थाई भाषेत त्याला ‘वाय ख्रू’ म्हणतात, ख्मेर भाषेत ‘संपेअह क्रू’. ‘ख्रू’ आणि ‘क्रू’ हे दोन्ही ‘गुरू’चेच अपभ्रंश. विधीच्या जागी मुखवटे मांडले जातात आणि त्यांत एक मुखवटा वृद्ध ऋषीचा असतो. नृत्यविद्या मानवाला ज्याच्याकडून मिळाली तो आद्य आचार्य म्हणून त्याला पुष्पे आणि नैवेद्य अर्पण करतात. हा विधी परंपरेने गुरुवारी होतो, आणि दोन्ही भाषांत त्या वाराचे नाव बृहस्पतीवरून आलेले आहे. महाराष्ट्रातील वाचकाला यात अपरिचित असे काय वाटावे?

भातशेतीवर पोसलेली कला

हे साम्य आले कोठून याचा शोध घेताना प्रथम अंगकोरकडे जावे लागते. नवव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान ख्मेर राजांची ही राजधानी दक्षिणपूर्व आशियातील सर्वांत संपन्न नगरी होती. सातव्या जयवर्मन राजाने उभारलेल्या ता प्रोम या मंदिरातील ११८६ चा शिलालेख अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. तो जवळजवळ अंदाजपत्रकच आहे. मंदिराच्या सेवेसाठी ३,१४० गावे लावून दिली होती, त्यांतील ७९,३६५ माणसे मंदिराच्या निर्वाहासाठी राबत होती, आणि मंदिराच्या आश्रितांत ६१५ नर्तकी होत्या, असे तो शिलालेख सांगतो. नृत्य ही हवेत तरंगणारी गोष्ट नाही. पोटापुरते पिकवून जे उरते त्या वाढाव्यावर ती जगते. अंगकोरच्या भिंतींवरील अप्सरा ज्या डौलाने उभ्या आहेत, त्या डौलाखाली भाताची खाचरे आणि शेतकऱ्याचा घाम आहे.

त्या काळी आजची थाई–कंबोडियन सीमा अस्तित्वात नव्हती. आज थायलंडच्या बुरीराम प्रांतात असलेल्या फनोम रुंग या टेकडीवरील ख्मेर शैलीच्या मंदिराच्या दर्शनी भागावर नृत्यमग्न शिव कोरलेला आहे. तो थाई की कंबोडियन, हा प्रश्न त्याच्या शिल्पकाराला समजलाही नसता. एक मोठा सांस्कृतिक प्रदेश होता. त्यात ख्मेर, थाई, मोन, लाओ अशा अनेक भाषांचे लोक वावरत होते आणि संस्कृत ही त्यांच्या राजदरबारांची समाईक ठेव होती.

बंदिवानांची वाट

पुढे सत्तेचा तोल बदलला. सियामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, अयुत्थया राज्याने १४३१ मध्ये अंगकोर जिंकले. बखरी आणि परंपरा सांगतात की विजेत्यांनी तेथील विद्वान, कारागीर आणि कलावंत आपल्या राजधानीला नेले. आधुनिक वाचकाला ही लूट विचित्र वाटेल. पण त्यामागे एक सरळ आर्थिक कारण होते. त्या काळच्या दक्षिणपूर्व आशियात जमीन मुबलक होती आणि माणसे तुटपुंजी. जेथे हवी तेवढी जमीन जंगल तोडून मिळते तेथे राजाची श्रीमंती मुलखाने मोजली जात नाही, हाताखालच्या माणसांनी मोजली जाते. म्हणून तेथील युद्धे पुष्कळदा भूमीसाठी नसत, माणसांसाठी असत. जिंकलेल्या नगराचा ताबा न ठेवता तेथली वस्तीच उचलून नेण्याची प्रथा त्यातूनच पडली. शेतकरी, सोनार, वैद्य, वादक आणि नर्तक ही त्या लुटीतील सर्वांत मोलाची मत्ता होती.

अयुत्थयात या कलेवर नवे संस्कार झाले. खोनच्या घडणीत तीन प्रवाह मिसळले असे थाई अभ्यासक मानतात: राज्याभिषेकाच्या सोहळ्यातील समुद्रमंथनाचा देखावा, चामड्याच्या मोठ्या छायाचित्रांचा खेळ आणि शस्त्रविद्येची हालचाल. यांतील समुद्रमंथन अंगकोर वाटच्या भिंतीवर विस्ताराने कोरलेले आहे, तर छायाखेळाचे भावंड कंबोडियात ‘स्बेक थोम’ या नावाने नांदते. फ्रान्सच्या राजाचा दूत सिमों द ला लुबेर १६८७ मध्ये सियामला आला, तेव्हा त्याने तेथील तीन प्रकारचे खेळ नोंदले: खोन, लखोन आणि रबाम. म्हणजे तोवर ही कला तेथे पूर्णपणे रुजून स्वतःच्या नावाने ओळखली जाऊ लागली होती.

मग काळाने दुसरा फेरा घेतला. ब्रह्मदेशाच्या फौजांनी १७६७ मध्ये अयुत्थया बेचिराख केले आणि हजारो बंदिवानांबरोबर तेथील नर्तक-गायकही आपल्या राजधानीला नेले. अंगकोरच्या कलावंतांच्या वाट्याला जे आले तेच आता अयुत्थयाच्या कलावंतांच्या वाट्याला आले. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, या बंदिवानांच्या सुरावटींतून ‘योदया’ नावाची गीतपरंपरा निर्माण झाली. ‘योदया’ म्हणजे अयुत्थया. दरबारातील मंत्री, सेनानी आणि रचनाकार म्यावडी ऊ सा याने त्या धाटणीत गीते रचली, आणि रामकथेचे नाट्य ब्रह्मी रंगभूमीचे भूषण ठरले. ज्या शत्रूने नगर जाळले त्याच्याच घरी त्या नगराचे नाव गाण्याच्या रूपाने जिवंत राहिले.

सियामने नव्या राजधानीत, बँकॉकमध्ये, पुन्हा उभारणी केली. पहिल्या राम राजाच्या आश्रयाने १७९७ मध्ये रामकियेनची बृहद् रचना सिद्ध झाली. दुसऱ्या रामाने नृत्याला सोयीची अशी तिची संक्षिप्त आवृत्ती केली. याच बँकॉकच्या दरबारात तारुण्याची अनेक वर्षे काढलेला आंग दुओंग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कंबोडियाचा राजा झाला. युद्धांनी खिळखिळ्या झालेल्या आपल्या दरबारी नृत्याची घडी त्याने पुन्हा बसविली, तेव्हा पोशाखाचा आणि शैलीचा नमुना सियामी होता. चार शतकांपूर्वी गेलेले कर्ज अशा रीतीने व्याजासह परत आले. या देवघेवीत मूळ मुद्दल कोणाचे आणि व्याज कोणाचे हे आता कोणता हिशेबनीस सांगू शकेल?

भारतीय मोह

हा इतिहास वाचताना भारतीय वाचकाला एक मोह होतो. रामकथा आपली, गुरू आपला, ऋषी आपला. तेव्हा दोघांच्या भांडणात खरा मालक तिसराच, असे त्याला वाटू लागते. हा मोह आवरला पाहिजे. बीज भारतातून गेले यात संशय नाही; परंतु त्या भूमीत वाढलेला वृक्ष निराळा आहे.

खोनमधील हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना समुद्रातून दगड पळविणाऱ्या मत्स्यकन्येशी त्याची गाठ पडते, तो तिच्यावर अनुरक्त होतो आणि त्यांना पुत्रही होतो. ही मत्स्यकन्या रावणाची मुलगी. थाई भाषेत तिचे नाव ‘सुफन्न मच्छा’, ख्मेरमध्ये ‘सोवन्न मच्छा’, म्हणजेच सुवर्णमत्स्या. हा प्रवेश दोन्ही देशांच्या रंगभूमीवर अत्यंत लोकप्रिय आहे, आणि वाल्मीकींच्या काव्यात त्याचा मागमूसही नाही. तीच गोष्ट कुंभकर्णाची. रामाच्या सैन्याला पाणी मिळू नये म्हणून कुंभकर्ण आपला अजस्र देह नदीत आडवा घालून प्रवाह अडवितो, आणि वानरवीर त्याला उठवून पाणी मोकळे करतात, असा एक प्रसंग दोन्ही परंपरांत आहे. तोही वाल्मीकी रामायणात सापडत नाही. स्वाय अंदेत या गावात हा प्रसंग केवळ करमणुकीसाठी होत नाही. एप्रिलमध्ये ख्मेर नववर्षानंतर, पावसाची वाट पाहण्याच्या दिवसांत, ग्रामरक्षक देवतांना प्रसन्न करण्यासाठी तो सादर होतो. कुंभकर्ण दूर झाला, पाणी वाहू लागले, म्हणजे पाऊसही येईल ही शेतकऱ्याची श्रद्धा. लंकेच्या युद्धातील प्रसंग अशा रीतीने भातशेतीच्या पंचांगात जाऊन बसला. असे रूपांतर घडविणाऱ्या समाजाला केवळ अनुकरण करणारा म्हणणे हा अज्ञानाचाच प्रकार होय.

सीमारेषा आणि स्वामित्व

मग भांडण आले कोठून? त्याचे उत्तर नकाशात आहे. फ्रान्सने १८६३ मध्ये कंबोडियावर संरक्षकत्व लादले. अंगकोरचा प्रदेश तोवर सियामच्या ताब्यात होता. तो १९०७ च्या तहान्वये फ्रेंचांनी कंबोडियाला जोडून घेतला. सीमारेषा आखली गेली, तिच्याबरोबर नकाशे, पाठ्यपुस्तके आणि राष्ट्रीय इतिहास आले. ज्या प्रदेशात पूर्वी राजांच्या प्रभावाची वर्तुळे एकमेकांत मिसळलेली असत, तेथे आता प्रत्येक इंच कोणाचा तरी असणे आवश्यक झाले. जे जमिनीला लागू झाले ते हळूहळू देवळांना, आणि देवळांवरून नृत्यालाही लागू करण्यात आले.

याची किंमत लहान नव्हती. अंगकोर वाट थायलंडला मिळाले पाहिजे असे एक थाई अभिनेत्री म्हणाली, अशी अफवा २००३ च्या जानेवारीत नोम पेन्हमध्ये उठली. तिने त्याचा इन्कार केला. पण तोवर जमावाने थाई वकिलात पेटवून दिली होती. प्रेअह विहेअरचे मंदिर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये कंबोडियाला दिले. २००८ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यानंतरच्या वर्षांत त्याच्या परिसरात दोन्ही सैन्यांच्या चकमकी झडल्या. २०२५ च्या जुलैत सीमेवर पाच दिवस तोफा धडाडल्या आणि लक्षावधी लोकांना घरे सोडावी लागली. नृत्यावरून युद्ध झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु शेजाऱ्याने आपले सर्व काही चोरले ही भावना ज्या मनात रुजते, त्या मनाला युद्धाचे पडघम कर्णकटू वाटत नाहीत, एवढे खरे.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. थायलंडची लोकसंख्या कंबोडियाच्या सुमारे चौपट, त्याची अर्थव्यवस्था कितीतरी पटींनी मोठी आणि पर्यटनव्यवसाय जगभर पसरलेला. अशा मोठ्या शेजाऱ्याने एखाद्या कलेला आपले नाव दिले की जग तिला त्याच नावाने ओळखू लागेल, आणि आपले आजोबा आपल्याच घरात पाहुणे ठरतील, ही कंबोडियाची भीती निराधार म्हणता येणार नाही. नृत्य वाटल्याने घटत नाही, पण जगाचे लक्ष आणि पर्यटकाचा पैसा मात्र घटतो. भांडणातील तथ्यांश तेवढाच आहे. आणि त्यावरील उपाय स्वामित्वाचा नसून श्रेय वाटून घेण्याचा आहे.

तुटवडा कशाचा?

अर्थशास्त्रात वस्तूंचे एक उपयुक्त वर्गीकरण आहे. गायरानात एकाची गाय चरली की दुसऱ्याच्या गायीचे गवत तेवढे कमी होते. दीपस्तंभाचा प्रकाश तसा नसतो. एका गलबताने तो वापरला म्हणून दुसऱ्याला अंधार पडत नाही. नृत्य हे दीपस्तंभाच्या जातीचे आहे. बँकॉकमध्ये शंभर मुले वानराची भूमिका शिकली म्हणून नोम पेन्हमधील एकाही मुलाच्या पायातील उडी कमी होत नाही. तेव्हा नृत्याचा तुटवडा ही कल्पनाच चुकीची आहे. तुटवडा आहे तो नृत्य शिकविणाऱ्याचा आणि त्याच्या वेळेचा.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या आर्थिक पेचाचे विवेचन केले. कारखान्यात यंत्रे सुधारतात, कामगाराचे ताशी उत्पादन वाढते आणि त्याबरोबर मजुरीही वाढते. कलेत तसे होत नाही. नर्तकाची बोटे मागे वळायला शंभर वर्षांपूर्वी जितकी वर्षे लागत, तितकीच आजही लागतात. अन्यत्र मजुरी वाढत गेली की कलावंताला कलेत ठेवून घेण्याचा खर्च सापेक्षतेने वाढत जातो. म्हणून कलेला राजाश्रय, लोकाश्रय किंवा दोन्ही लागतात. केवळ तिकिटावर ती जगत नाही.

कंबोडियाने हा तुटवडा सर्वांत भीषण रूपात पाहिला. १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीत सतरा लक्षांच्या आसपास माणसे मेली. दरबारी नर्तक, वादक आणि शिक्षक यांपैकी सुमारे नऊ-दशांश नाहीसे झाले असा अंदाज दिला जातो. मुखवटे, पोशाख, पोथ्या गेल्या. पण ती हानी भरून काढण्याजोगी होती. ज्यांच्या स्नायूंत हे ज्ञान साठविलेले होते ती माणसे गेली, ही हानी तशी नव्हती. दैवाचा खेळ असा की खुद्द पोल पॉट बालपणी राजवाड्याच्या परिसरात, आपल्या भावाच्या घरी वाढला होता. त्या भावाची पत्नी चेआ सामी ही राजदरबारातील नर्तकी होती. ती वाचली. राजवट कोसळल्यावर ज्या मोजक्या आचार्यांनी अनाथ मुलांना गोळा करून पहिल्या हस्तमुद्रेपासून शिकवायला सुरुवात केली, त्यांत चेआ सामी अग्रभागी होती.

आणखी एक गोष्ट या वादात विसरली जाते. त्याच काळात सीमेपलीकडे थायलंडच्या भूमीवर खाओ-इ-दांगसारख्या निर्वासितांच्या छावण्या होत्या. बांबूच्या झोपड्यांत, मदतीच्या शिध्यावर दिवस काढणाऱ्या ख्मेर निर्वासितांनी तेथे मुलांना नृत्य शिकविले. छावणीतील जीवन सुखाचे नव्हते आणि यजमानाची वागणूकही नेहमी उदार नव्हती. पण कला जगली. १४३१ मध्ये ती बंदिवानांबरोबर ज्या दिशेने गेली होती, त्याच दिशेने १९७९ मध्ये ती निर्वासितांबरोबर गेली. शेजाऱ्याकडे असलेली कला ही चोरीला गेलेली ठेव नसते. बहुधा ती विम्यासारखी कामाला येते.

दोन जमाखर्च

आज या दोन भावंडांची आर्थिक स्थिती कशी आहे? खोनला राजघराण्याचा आश्रय होता. १९३२ च्या राज्यक्रांतीनंतर दरबारी कलांची जबाबदारी सरकारच्या ललितकला विभागाकडे आली. राणी सिरिकित यांच्या पुढाकाराने २००७ पासून भव्य प्रयोगांची नवी मालिका सुरू झाली. त्यासाठी जुने भरतकाम आणि मुखवटे घडविण्याची विद्या पुन्हा शिकविण्यात आली. तेथे शाळा आहे, नोकरी आहे, रंगमंच आहे आणि प्रेक्षकही आहे.

स्वाय अंदेतचा जमाखर्च निराळा. नोम पेन्हपासून थोड्याच अंतरावरील हे गाव. नाचणारे पुरुष शेतकरी किंवा मजूर, प्रयोग वर्षातून एकदा आणि खर्च प्रामुख्याने गावकरी व विहार यांच्या वर्गणीचा. युद्ध आणि ख्मेर रूज यांमुळे शिकवणीची साखळी मध्ये दीर्घ काळ तुटली होती. ती पुन्हा जोडली गेली, तर आता तरुणांना शहरातील मजुरी खुणावते आहे. पोटासाठी गाव सोडण्याची ही प्रवृत्ती कलेला असलेल्या धोक्यांत युनेस्कोपुढील अर्जातही नमूद आहे. येथे शत्रू थायलंड नाही. येथे शत्रू आहे तो शेतीचे उत्पन्न आणि शहरातील मजुरी यांतील फरक. समाजमाध्यमांवर कितीही घोषणा झाल्या तरी त्याने एकही मुलगा मुखवटा बांधायला गावी परतणार नाही.

एकाच बैठकीत एक भावंड प्रातिनिधिक यादीत आणि दुसरे संकटग्रस्तांच्या यादीत गेले, यातच सारे आले. एकाजवळ साधने आहेत आणि दुसऱ्याजवळ गरज आहे. दोन शहाण्या घरांत अशा वेळी वाटणीचा दावा चालत नाही, देवघेव चालते.

समाईक नोंदीचा मार्ग

असा मार्ग नवा नाही. इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यात नृत्य-वेशभूषांवरून कटू वाद झाले आहेत. तरीही २०२० मध्ये त्यांनी ‘पांतुन’ हा पद्यप्रकार संयुक्तपणे नोंदविला, आणि २०२४ मध्ये ‘केबाया’ या पेहरावासाठी थायलंडसह पाच देश एकत्र आले. भारतातील छाऊ नृत्याचे उदाहरणही लक्षात घेण्याजोगे आहे. सरायकेला झारखंडात, मयूरभंज ओडिशात, पुरुलिया पश्चिम बंगालात. पहिल्याचे आणि तिसऱ्याचे नर्तक मुखवटे घालतात, मयूरभंजचे घालत नाहीत. तरीही २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत छाऊ एकाच नावाने गेले. एका राष्ट्रातील तीन राज्यांना हे सोपे होते हे मान्य. परंतु समाईक नोंद झाली म्हणून कोणाचे वैशिष्ट्य पुसले गेले नाही, हेही तितकेच खरे.

थायलंड आणि कंबोडिया यांनी उद्या आपल्या नोंदी एकत्र केल्या नाहीत तरी चालेल. बँकॉकच्या शाळेतील मुखवटे घडविणाऱ्या कारागिराने सहा महिने स्वाय अंदेतला राहावे, स्वाय अंदेतच्या वृद्ध निवेदकाची पाठांतरे बँकॉकच्या ग्रंथालयात ध्वनिमुद्रित व्हावीत, दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांत १४३१ बरोबर १७६७ आणि १९७९ ही सालेही यावीत, एवढे घडले तरी ते यादीतील कोणत्याही नोंदीपेक्षा मोलाचे ठरेल. सीमेवरील तोफा थंडावलेल्या असताना हे सुचविणे सोपे आणि घडविणे कठीण आहे, याची जाणीव ठेवूनही ते सुचविले पाहिजे.

गुरुवारी सकाळी बँकॉकमधील एखादा मुलगा ऋषीच्या मुखवट्यापुढे हात जोडून बसतो. त्याच सुमारास नोम पेन्हमधील एखादी मुलगीही तशीच बसते. दोघांच्याही ओठी गुरूचेच नाव असते, उच्चारात काय तो थोडा फरक. त्या मुलांना शिकवायला उद्या कोणी असेल की नाही, हा त्या दोन देशांपुढील खरा प्रश्न आहे. मुखवटा कोणाचा, हा नव्हे.